पानावरचा ‘ल’ : खानदेशातील कागद आणि स्लाइड यांच्या मांडणीची पार्श्वभूमी

मोडीचा काळ थोडक्यात उरकता येतो. त्या लिपीत आधी पानभर शिरोरेषा ओढत आणि मग तिला अक्षरे लटकवत. अलाइनमेंट (सगळे एका रेषेत लावणे) आधी, मजकूर नंतर. जमिनीचे जुने दस्त पाहिले की ही शिस्त लगेच डोळ्यांत भरते.

खरा बदल नव्वदीतला. जळगावला १९९० मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि प्रबंध, प्रकल्प अहवाल यांचे काम वाढले. कोर्ट, तहसील आणि कॉलेजांच्या आसपासच्या डीटीपी (संगणकावर छपाईची पाने जुळवणाऱ्या) दुकानांत श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव हे फॉन्ट चालत. प्रत्येकाची सांकेतिक मांडणी वेगळी, त्यामुळे एका दुकानातली फाइल दुसरीकडे उघडली की अगम्य चिन्हे दिसत. पानाची सवय मात्र लग्नपत्रिकेने लावली. मोकळी जागा म्हणजे वाया गेलेला कागद, असे गिऱ्हाईक मानत असे. त्याला दोष देता येत नाही, कारण भाऊबंदांतले एक नाव सुटले तरी मानपान दुखावतो. तीच गर्दी पुढे अहवालांच्या मुखपृष्ठांवर आणि स्लाइडवर आली.

कॉन्ट्रास्ट, पुनरावृत्ती (एकच वळण सगळीकडे ठेवणे), अलाइनमेंट, जवळीक ही पानाच्या मांडणीची चौकट १९९४ मधल्या एका अमेरिकी पुस्तकाने लोकप्रिय केली. ती आपल्याकडे आली तेव्हा सोबत रोमन लिपीची गृहीतकेही आली. देवनागरीत कॅपिटल अक्षरे नाहीत, म्हणून ठसा आकाराने किंवा जाडीने द्यावा लागतो. अधोरेखन उकाराला छेदते. ओळींतले अंतर इंग्रजीइतके ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो.

सर्वाधिक गुंता पुनरावृत्तीच्या तत्त्वात झाला, आणि तो ‘ल’ आणि ‘श’ या दोन अक्षरांपायी. हिंदीशी जुळवून घेण्याच्या धोरणात उजवीकडे उभा दंड असलेला ‘ल’ शालेय पुस्तकांत शिरला होता. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने दंड नसलेला, पाकळीचा ‘ल’ आणि ‘श’चे मराठी वळण प्रमाण ठरवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये हा निर्णय अद्ययावत झाला. काहींच्या मते हा हट्ट आहे, वाचता आले म्हणजे झाले. हे म्हणणे पटण्यासारखे नाही. एकाच अहवालात शीर्षकात एक ‘ल’ आणि मजकुरात दुसरा आला की पान दोन हातांनी लिहिल्यासारखे दिसते.

निर्णय कागदावर राहण्याचे कारण तांत्रिक आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक संकेतपद्धतीत, दोन्ही वळणांना एकच संकेत आहे, वळण ठरवतो तो फॉन्ट. अनेक फॉन्टांत आधी हिंदी वळण उमटते. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली तर त्यांपैकी काहींत पाकळी येते, काहींत तरीही येत नाही. शासन निर्णय काढताना ही जोडणी कोणी करून दिली नाही. कचेरीतल्या लिपिकाने ती शोधून काढावी, ही अपेक्षाच चुकीची होती. आधी फॉन्ट आणि भाषेची सेटिंग घातलेले तयार नमुने द्यायला हवे होते, परिपत्रक त्यानंतर.

स्लाइडच्या बाबतीत जागेचाही प्रश्न आहे. जळगावच्या रावेर-यावल पट्ट्यात केळीवरच्या करपा रोगाची माहिती बहुधा मांडवात, भर उजेडात दाखवली जाते. तिथे फिकट रंग आणि बारीक अक्षर पुसले जाते. पांढऱ्यावर गडद, ठळक अक्षर आणि रोगट पानाचा एकच मोठा फोटो एवढेच टिकते. आता त्याच स्लाइड पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर फिरतात आणि पाच इंची पडद्यावर वाचल्या जातात. त्यामुळे आठ ओळींची स्लाइड तोडून तिच्या तीन करण्याचा प्रघात पडतो आहे. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधला जात असल्याने पाकळीचा ‘ल’ही वाटेत बदलत नाही.