तायकिळ्यापासून पापलेटापर्यंत : गोव्यातील लोकनोंदींची पार्श्वभूमी

मृगाचा पाऊस चार दिवस लागून पडला की म्हापशाच्या बाजारात तायकिळ्याच्या कोवळ्या पानांच्या जुड्या येऊ लागतात. महाराष्ट्रात जिला टाकळा म्हणतात, तीच ही रानभाजी. विकणाऱ्या बाईला ती ओळखण्यासाठी पुस्तक लागत नाही; चतुर्थीला गणपतीवर माटोळी, म्हणजे रानफळे टांगलेली चौकट, बांधणाऱ्या माणसालाही कवंडळ, घागऱ्या आणि मट्टीची फळे रानात कुठे मिळतील हे ठाऊक असते. अलीकडे हीच झाडे आणि मासळी मोबाईलवर टिपून सार्वजनिक संकेतस्थळांवर नोंदवली जातात आणि अनोळखी माणसे मिळून त्यांची ओळख पक्की करतात. ही पद्धत नवी असली, तरी सामान्य माणसाच्या ओळखीवर शास्त्र उभे राहण्याची गोष्ट गोव्यात साडेचारशे वर्षे जुनी आहे.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. भारतातील औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. स्थानिक वैद्यांना आणि व्यापाऱ्यांना विचारून त्याने माहिती जमवली, आणि त्या संवादांत झाडपाला आणून दाखवणारी अंतोनिया नावाची दासीही भेटते. तिच्याविषयी ग्रंथ याहून फारसे काही सांगत नाही, याची मला नेहमी खंत वाटते. पुढच्या शतकात डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारात सिद्ध केलेल्या ‘होर्तुस मलाबारिकुस’ या बारा खंडांच्या ग्रंथात (१६७८–१६९३) इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबरच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोंकणी ब्राह्मणांचा वाटा होता. नागरी लिपीतील त्यांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेले आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनेयसने झाडांना शास्त्रीय नावे देताना या ग्रंथाचा आधार घेतला, तेव्हा त्या नावांखाली या मंडळींची ओळखही दडलेली आहे.

माशांच्या बाबतीतही हेच घडले. बांगड्याचे शास्त्रीय नाव ‘रॅस्ट्रेलिजर कानागुर्टा’ आहे. त्यातला ‘कानागुर्टा’ हा शब्द पॅट्रिक रसेलने विशाखापट्टणमच्या मासळीवर १८०३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून आला, आणि रसेलने तो तिथल्या तेलुगू नावावरून घेतला होता. एका कोळ्याने उच्चारलेला शब्द आज जगभर चालतो.

गोव्याच्या वनस्पतींची शास्त्रीय मोजदाद मात्र संथ गतीने झाली. दालगादो यांची गोवा व सावंतवाडीच्या उपयुक्त वनस्पतींची सूची १८९८ साली निघाली, आणि मुक्तीनंतर रोल्ला शेषगिरी राव यांची गोव्याची वनस्पतिसूची १९८५-८६ मध्ये प्रसिद्ध झाली. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ सालची. ही कामे तज्ज्ञांची होती, आणि तज्ज्ञ मोजके असल्यामुळे एखाद्या सड्यावर किंवा ओहोळाकाठी कोणी वर्षानुवर्षे फिरकत नसे.

२००८ साली दोन गोष्टी जुळून आल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून अशा नोंदींचे ‘आयनॅचरलिस्ट’ हे संकेतस्थळ उभे राहिले आणि भारतात ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ सुरू झाले. आयनॅचरलिस्टवर नोंदीला छायाचित्र, तारीख आणि ठिकाण असावे लागते, आणि मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक लोकांचे प्रजातीवर एकमत झाले की ती संशोधनायोग्य मानली जाते. २०१७ पासून छायाचित्रावरून नाव सुचवणारी संगणकीय सोयही आली. ती उपयोगी आहे, पण तिने सुचवलेले नाव डोळे मिटून स्वीकारू नये.

तायकिळ्याचेच पाहा. त्याच्यासारखाच दिसणारा ‘सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया’ मूळचा अमेरिकेतला. दोघांची फुले पिवळी आणि पर्णिकांच्या, म्हणजे पानातल्या लहान पानांच्या, जोड्या बहुधा तीनच. फरक पाहायचा तर पान उलगडून देठाच्या वरच्या बाजूला, पर्णिकांच्या मध्ये, भाताच्या कणीएवढ्या ग्रंथी शोधाव्या लागतात : तायकिळ्यात त्या खालच्या दोन जोड्यांमध्ये असतात, तर ऑब्ट्युसिफोलियात फक्त सर्वांत खालच्या जोडीत. संपूर्ण झाडाच्या सुंदर छायाचित्रात ही ग्रंथी दिसत नाही, म्हणून अनुभवी नोंदकर्ते फुलाइतकेच देठाचे, पानाच्या पाठीचे आणि शेंगेचे छायाचित्र घेतात.

माशांची अडचण वेगळी आहे. बाजारातला मासा कुठल्या पाण्यातला, हे फळीवर लिहिलेले नसते. २०१८ च्या जुलैत मासळीला फॉर्मेलिन हे टिकाऊ रसायन लावल्याच्या प्रकरणानंतर परराज्यातील मासळीवर काही दिवस बंदी आली, तेव्हा आपल्या बाजारात बाहेरचा मासा किती येतो हे सर्वांनाच जाणवले. त्यामुळे रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढली जाते त्या किनाऱ्यावरची किंवा खाजणातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीवरची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावरची, नोंद बाजारातल्या नोंदीपेक्षा मोलाची ठरते. नावेही फसवतात. काळे पापलेट हे मुळात पापलेटाच्या कुळातलेच नाही. त्याचे कुळ वेगळे, कॅरँजिडी हे आहे.

जैवविविधता कायदा २००२ साली झाला, आणि त्यानुसार गावोगावी लोक-जैवविविधता नोंदवह्या करायच्या ठरल्या. या कल्पनेचा पाठपुरावा माधव गाडगीळ यांनी आधीपासून केला होता. गावातल्या जाणत्यांचे म्हणणे या नोंदवह्यांत उतरते, पण ‘आमच्याकडे हे सापडते’ एवढे वाक्य पुढे कोणी तपासू शकत नाही. छायाचित्र असलेली नोंद तपासता येते आणि दुरुस्तही करता येते. दुर्मीळ प्रजातींचे नेमके ठिकाण संकेतस्थळ लपवते, म्हणजे कंद उपटून नेणाऱ्याला वाट सापडत नाही. ही काळजी मला फार महत्त्वाची वाटते.

दुरुस्तीची गरज किती खरी आहे हे पांढऱ्या पापलेटाने दाखवले. १७८८ साली युफ्रासेन या शास्त्रज्ञाने दिलेल्या ‘आर्जेंटिअस’ या नावानेच ते आपल्याकडे ओळखले जात होते. २०१९ साली संशोधकांनी दाखवले की भारतीय किनाऱ्यावरचे पापलेट वेगळे असून फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिएने १८२९ साली दिलेले ‘पँपस कँडिडस’ हेच त्याचे योग्य नाव आहे. ज्या जुन्या नोंदींत माशाचे पर पसरून, कुशीवर ठेवून घेतलेले स्पष्ट छायाचित्र आहे, त्या आता नव्या नावाने पुन्हा पडताळून पाहता येतात; ज्यांत नुसते ‘पापलेट’ लिहिले आहे, त्या तशाच राहतात.