जेनेरिक औषधे : अनन्य हक्क आणि स्पर्धेचे कायदे

नव्या औषधावर मूळ कंपनीला काही काळ मिळणारी कायदेशीर मक्तेदारी आणि ती संपताच इतर उत्पादकांना त्याच औषधाची स्वस्त, म्हणजे जेनेरिक, आवृत्ती घेऊन बाजारात उतरता यावे म्हणून केलेल्या तरतुदी, असा या कायद्यांचा दुहेरी विषय आहे. मक्तेदारीचा एक आधार पेटंट. दुसरा आधार म्हणजे मूळ कंपनीने औषधाला मंजुरी देणाऱ्या सरकारी नियामकाला दिलेल्या चाचण्यांच्या माहितीवर इतरांना ठरावीक वर्षे विसंबू न देणे, म्हणजेच डेटा एक्सक्लुझिव्हिटी. हा दुसरा प्रकार भारताने व्यापारकरारांच्या वाटाघाटींत दबाव येऊनही स्वीकारलेला नाही.

पेटंटची मुदत सरली की काय होते, ते 2025 मध्ये पुण्यातल्या औषध दुकानांतही दिसले. मधुमेहावरील एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट मार्चमध्ये संपले आणि साधारण 60 रुपयांच्या गोळीला लगोलग जेनेरिक पर्याय आले, काही तर 10 रुपयांच्याही आत. अशी तयारी रातोरात होत नाही. ती पेटंट चालू असतानाच झालेली असते. मंजुरीसाठी लागणारी माहिती जमवण्यापुरते पेटंट असलेले औषध बनवणे म्हणजे पेटंटभंग नव्हे, असे पेटंट कायद्याचे कलम 107-ए सांगते. ग्राहकाला या कलमाचे नावही ठाऊक नसते, पण स्वस्ताई वेळेवर येते ती त्याच्यामुळे.

न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या 1959 च्या अहवालावर आधारलेला 1970 चा पेटंट कायदा 1972 पासून लागू झाला. त्याने औषधाला पेटंट नाकारले, ते फक्त बनवण्याच्या पद्धतीला दिले, तेही जास्तीत जास्त 7 वर्षे. दुसऱ्या वाटेने तेच औषध बनवणाऱ्या रसायनतज्ज्ञाचा भाव त्यामुळे वधारला. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल, 1950) या काळात उद्योगाच्या हाताशी होती. सदाफुलीपासून मिळणारी विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधे सिप्लाने तिच्याच सहकार्याने तयार केली.

जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेविषयीच्या ट्रिप्स करारानुसार 1 जानेवारी 2005 पासून औषधालाच 20 वर्षांचे पेटंट मिळू लागले. मात्र संसदेने कलम 3(डी) घालून जुन्याच रेणूच्या (औषधाच्या मूळ रासायनिक घटकाच्या) नव्या रूपाला, गुणकारकता वाढल्याचे दाखवल्याशिवाय, पेटंटची दारे बंद केली. एनसीएलचे माजी संचालक रघुनाथ माशेलकर यांच्या तज्ज्ञ गटाने पेटंट केवळ नव्या रेणूंपुरते ठेवणे ट्रिप्सशी सुसंगत नाही, असे मत दिले. तो अहवाल 2007 मध्ये तांत्रिक त्रुटींमुळे मागे घेऊन 2009 मध्ये पुन्हा सादर झाला. कलम 3(डी)ची धार मात्र न्यायालयात ठरली : 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा ग्लिवेक या कर्करोगावरील औषधाच्या पेटंटचा दावा फेटाळला. आदल्या वर्षी नॅटको या जेनेरिक कंपनीला सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीविना औषध बनवण्याची सरकारी मुभा) मिळून बायरच्या नेक्सावर या कर्करोगावरील औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे 2,80,000 रुपयांवरून 8,800 रुपयांवर आला होता.

हिंजवडीतील एमक्युअर ही औषध कंपनी किंवा मुळशीतील नांदे येथील ल्युपिनचे संशोधन केंद्र यांसारख्या ठिकाणी, अमेरिकी बाजाराचा विचार करता, तिथला कायदाही तितकाच महत्त्वाचा. 1984 चा हॅच-वॅक्समन कायदा नव्या रेणूला 5 वर्षांची अनन्यता देतो, आणि पेटंटला आव्हान देत पहिला अर्ज करणाऱ्या जेनेरिक कंपनीला 180 दिवसांची. म्हणजे स्पर्धा वाढवण्यासाठी पुन्हा एक छोटी मक्तेदारीच! तिचा गैरफायदाही घेतला गेला : मूळ कंपनीने आव्हान देणाऱ्याला पैसे देऊन थांबवायचे, ग्राहकाने चढा भाव मोजायचा. असे समझोते स्पर्धाकायद्याच्या कक्षेत तपासता येतात, असे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या ॲक्टाविस खटल्यात सांगितले.

भारतात पेटंट मंजूर होण्याआधीच त्याला कोणीही हरकत घेऊ शकते. क्षयावरील बेडाक्विलिनच्या दुय्यम (जुन्याच औषधाच्या नव्या रूपावरील) पेटंटचा अर्ज 2023 मध्ये अशाच हरकतींनंतर फेटाळला गेला. 2024 च्या नियमदुरुस्तीने या हरकतीला शुल्क लावले आणि ती दाखल करून घ्यायची की नाही हे आधी ठरवण्याचा अधिकार पेटंट नियंत्रकाला दिला. रुग्णसंघटनांना ही बाब खटकते, आणि ते रास्त आहे.