महागाईच्या काळातील शासकीय साहाय्य : कोल्हापूर जिल्हा

वाढत्या भावांमुळे घरखर्च भागेनासा झालेल्या कुटुंबांना केंद्र व राज्य शासनाकडून धान्य, रोख रक्कम, सवलत किंवा भत्ता या रूपांत मिळणारी मदत. कोल्हापूर जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांत ही मदत एका खिडकीतून मिळत नाही. धान्य रेशन दुकानात, निराधारांचे अनुदान तहसील कार्यालयाच्या मंजुरीने बँकेत, गॅसचे पैसे खात्यावर आणि प्रवासातली सवलत थेट एसटीच्या तिकिटात मिळते. प्रत्येक योजनेची कागदपत्रे, पात्रतेच्या अटी आणि उत्पन्नाची मर्यादा वेगळी असते.

या साऱ्या योजना समजून घेताना एक प्रश्न सतत विचारावा लागतो : मदत भावाशी बांधलेली आहे की रुपयांत गोठलेली आहे? पाच किलो धान्य बाजारात भाव चढले तरी पाच किलोच राहते. तिकिटातली निम्मी सवलत भाडेवाढीबरोबर आपोआप वाढते. महिन्याचे दीड हजार रुपये मात्र दरवर्षी थोडे थोडे आक्रसतात. भाव दरसाल पाच टक्क्यांनी वाढले असे धरले, तर पाच वर्षांनी त्या दीड हजारात आजच्या सुमारे पावणेबाराशे रुपयांचाच बाजार येईल. मदतीची रक्कम जाहीर होते तेव्हा तिची बातमी होते, ही घट कुठेच जाहीर होत नाही.

पूर्वपीठिका

कोल्हापूरला या विषयाची जुनी परंपरा आहे. १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतल्यावर राजर्षी शाहू महाराजांपुढे दोनच वर्षांत दुष्काळ उभा राहिला. १८९६-९७ च्या त्या संकटात संस्थानाने स्वस्त धान्याची दुकाने उघडली, शेतकऱ्यांना तगाई (सरकारी कर्ज) दिली आणि दुष्काळी कामे सुरू केली. कामावर येणाऱ्या बायकांच्या लहान मुलांना सांभाळण्याची सोयही कामाच्या ठिकाणी केली. धान्य, मजुरी आणि मूल सांभाळण्याची सोय एकत्र दिली तरच घर तगते, ही समज त्या व्यवस्थेत होती. आज या तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या खात्यांकडे आहेत.

स्वातंत्र्योत्तर काळात १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमी दिली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला. त्या काळातली मिलो ज्वारी (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि कामावर मिळणारी सुकडी (पौष्टिक कोरडा खाऊ) जुन्या पिढीला अजून आठवते. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची. १ मे १९९९ पासून राज्यात पिवळी, केशरी आणि शुभ्र अशी तीन रंगांची शिधापत्रिका आली आणि ‘कुठलं कार्ड आहे?’ हा प्रश्न घराच्या ऐपतीबद्दलच्या चौकशीचा भाग झाला.

रेशनचे धान्य

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा असून महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली. अंत्योदय (अतिगरीब) कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य (ठरावीक उत्पन्नमर्यादेच्या आतल्या) कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते. सुरुवातीला तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे आणि जानेवारी २०२४ पासून ही सोय आणखी पाच वर्षांसाठी वाढवलेली आहे. अंत्योदय कार्डावर महिन्याला एक किलो साखरही सवलतीत मिळते.

‘रेशन आलंय’ ही बातमी गल्लीत पसरली की दुकानापुढे पिशव्यांची रांग लागते. दुकानदार ई-पॉस मशीनवर कार्डाचा बारा अंकी नंबर टाकतो, घरातल्या एकाने अंगठा लावायचा, पावती निघाली की वजन. भांगलणीला जाणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोटांवरच्या रेघा झिजलेल्या असतात. ‘अंगठा लागंना’ म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा बोट पुसून ठेवावे लागते किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी कामावरून बोलावून आणावे लागते. त्या एका खाड्याची मजुरी धान्याच्या हिशेबात कधी धरली जात नाही. नेटवर्क नसेल तर सगळीच रांग थांबते. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड, राधानगरी या डोंगरी भागात हा त्रास जास्त आहे.

तांदळाबाबत एक गैरसमज सांगायला हवा. रेशनवर आता लोह, फॉलिक आम्ल आणि जीवनसत्त्व ब-१२ मिसळलेले दाणे घातलेला गुणसंवर्धित तांदूळ येतो. हे दाणे पिठापासून बनवलेले असतात. तांदूळ धुताना ते वर तरंगतात आणि ‘प्लास्टिकचा तांदूळ’ अशी अफवा उठते. ते दाणे वेचून टाकले तर ज्यासाठी ते मिसळले तो हेतूच वाया जातो. दुकानात दोन वाक्यांत कुणी समजावून सांगितले तर पुरेल, पण तेही सगळीकडे होत नाही.

पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला महिन्याला २५ किलो धान्य मिळते. भात आणि चपातीचा मोठा भाग त्यात निभतो. तरीही गहू गिरणीत न्यायचा तर दळणाचे पैसे लागतातच. तेल, डाळ, चहा-साखर, मिरची-मसाला, कांदा-लसूण हा सगळा बाजार खुल्या भावाने करावा लागतो, आणि कोल्हापूरच्या घरात वर्षाच्या चटणीचा खर्च उन्हाळ्यात एकदम अंगावर येतो. राज्य शासनाने २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल देणारा ‘आनंदाचा शिधा’ सुरू केला, तो ही उणीव ओळखूनच. तो पुढेही काही सणांना दिला गेला. महिन्याच्या बाजाराला मात्र त्याचा आधार झाला नाही.

शिजवलेल्या अन्नासाठी २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी आहे. तीत दोन चपात्या, भाजी, भात आणि वरण असते. शहरात एका थाळीमागे शासन ४० रुपये आणि ग्रामीण भागात २५ रुपये केंद्रचालकाला देते असे सुरुवातीला ठरले होते. कोरोनाकाळात ही थाळी आधी पाच रुपयांना आणि नंतर काही महिने मोफत दिली गेली. बाहेरगावाहून कामासाठी आलेला हमाल, दवाखान्यात रुग्णाबरोबर थांबलेले नातेवाईक यांचे एक जेवण तिच्यावर भागते. भाव वाढले तरी थाळीचे दहा रुपये तसेच राहतात, त्यामुळे वाढीचा भार जेवणाऱ्यावर येत नाही. मात्र अनुदान वाढले नाही किंवा वेळेवर आले नाही तर तो केंद्रचालकावर येतो.

रोख रक्कम

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या दोन योजना वृद्ध, विधवा, परित्यक्ता, दिव्यांग आणि दुर्धर आजारी माणसांसाठी आहेत. महिन्याची रक्कम ६०० रुपये होती, २०१९ मध्ये ती १,००० झाली आणि २०२३ मध्ये १,५००. दिव्यांगांसाठी ती ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० आहे. या वाढी राजकीय निर्णयाने, काही वर्षांच्या खंडाने झाल्या. मधल्या वर्षांत भाव चढतच राहिले. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ वयाच्या माणसासाठीचा केंद्राचा वाटा तर दीड दशकाहून अधिक काळ महिना २०० रुपयांवरच आहे. दोनशे रुपयांत आज महिन्याची रक्तदाबाची गोळी आणि चहापत्ती आली तरी पुष्कळ झाले. ही रक्कम इतकी वर्षे तशीच ठेवणे अन्यायाचे आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

दिव्यांग सोडून इतरांसाठी या योजनांची उत्पन्नमर्यादा कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये आहे. खरे उत्पन्न तेवढेच असलेले घर आज तगूच शकत नाही. मग उत्पन्नाचा दाखला काढताना मर्यादेत बसेल असा आकडा लिहून घेण्याची धडपड सुरू होते. अर्ज सेतू केंद्रात, चौकशी तलाठ्याकडे, मंजुरी तालुका समितीत आणि पुढे दरवर्षी हयातीचा दाखला असा हा प्रवास आहे. मर्यादा वास्तवाला धरून असती तर गरजू माणसाला सरळ अर्ज करता आला असता.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून लागू झाली. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या महिलांच्या आधारशी जोडलेल्या खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा होतात. आयकर भरणारे कुटुंब, घरात सरकारी नोकर किंवा ट्रॅक्टर वगळता चारचाकी असलेले कुटुंब यांना ती मिळत नाही. निराधार योजनेतून दीड हजार घेणारी विधवा या योजनेत बसत नाही. शेतकरी सन्मान निधीच्या दोन्ही योजना (केंद्राची पीएम-किसान आणि राज्याची नमो) मिळवणाऱ्या महिलेला फरकाचे ५०० रुपयेच मिळतात. २०२५ मध्ये ई-केवायसीची (ऑनलाइन ओळख पडताळणीची) अट आली, तेव्हा पती किंवा वडिलांचे आधार देऊ न शकणाऱ्या एकट्या बायकांची अडचण झाली. तरीही या योजनेचे एक मोल मान्य करावे लागते : पैसे बाईच्या स्वतःच्या नावावर येतात. भिशी, मुलांची फी, बचत गटाचा किंवा आठवड्याच्या कर्जाचा हप्ता यांपैकी काय आधी भागवायचे, हे ती स्वतः ठरवू शकते.

गॅस आणि प्रवास

१४.२ किलोच्या टाकीवर सर्वसाधारण ग्राहकाला मिळणारे अनुदान मे २०२० पासून बहुतेक ठिकाणी शून्यावर आले. उज्ज्वला या गरीब घरांसाठीच्या केंद्राच्या गॅस योजनेतील जोडणीधारकांना ऑक्टोबर २०२३ पासून टाकीमागे ३०० रुपये मिळतात. राज्याच्या अन्नपूर्णा योजनेत (जुलै २०२४) उज्ज्वला आणि लाडकी बहीण योजनेच्या पात्र कुटुंबांना वर्षाला तीन टाक्यांचे पैसे परत मिळतात. अट अशी की जोडणी बाईच्या नावावर हवी. आधी पूर्ण पैसे भरायचे आणि परतावा नंतर खात्यावर, ही पद्धत हातावर पोट असणाऱ्याला जड जाते. आजरा-भुदरगडच्या बाजूला चूल म्हणूनच अजून विझलेली नाही.

एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे आणि महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तेव्हा सवलतीची रक्कमही त्याच प्रमाणात वाढली. गडहिंग्लज किंवा पन्हाळ्याहून कोल्हापूरला कामाला, शिकायला, दवाखान्यात येणाऱ्या बाईला यासाठी ना अर्ज करावा लागला, ना दाखला काढावा लागला. घरखर्चाला हात देणाऱ्या योजनांमध्ये इतकी सोपी दुसरी योजना नाही.

पूर आणि भाव

कोल्हापुरात महागाईचा एक हंगामी प्रकार आहे. पंचगंगा धोक्याची पातळी ओलांडते, रस्ते पाण्याखाली जातात आणि शहरात दूध, भाजी, पेट्रोल, गॅस यांची टंचाई सुरू होते. ऑगस्ट २०१९ मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ अनेक दिवस बंद होता. त्या पुरानंतर शासनाने बाधित कुटुंबांना शहरी भागात १५,००० आणि ग्रामीण भागात १०,००० रुपये सानुग्रह अनुदान जाहीर केले. त्यातले ५,००० रोख आणि उरलेले खात्यावर देण्याचे ठरले. सोबत मोफत गहू-तांदूळही होते. जुलै २०२१ च्या पुरानंतरही रोख मदत आणि धान्य दिले गेले. पण ही मदत घरात पाणी शिरलेल्यांसाठी असते. पाणी न शिरलेल्या, मात्र आठवडाभर काम बुडालेल्या आणि चढ्या भावाने भाजी घेतलेल्या रोजंदारी कुटुंबाची नोंद पंचनाम्यात होत नाही.

भावाशी बांधलेले आणि न बांधलेले

सरकारी नोकर व निवृत्तिवेतनधारक यांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर, जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा ठरतो. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी तो जानेवारी २०२४ मध्ये ५० टक्के होता, जुलै २०२५ मध्ये ५८ टक्के झाला. किमान वेतनातला विशेष भत्ताही सहामाही बदलतो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत हजेरीपटावर नाव असलेल्या कामगाराला त्याचा आधार आहे. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराची मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर चालते आणि ती महागाईनुसार वाढावी, ही तिथल्या संघटनांची जुनी मागणी. शेतमजूर, घरकामगार, हातगाडीवाले यांच्यासाठी असा कुठलाच निर्देशांक नाही. निराधार अनुदान, लाडकी बहीण आणि पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० रुपये यांनाही नाही. भत्ता मोजण्याची यंत्रणा देशात तयार आहे. तीच या रकमांना लावण्यात तांत्रिक अडचण नाही, प्रश्न खर्च उचलण्याच्या तयारीचा आहे.

कोल्हापूरचे आणखी एक वैशिष्ट्य : इथले पुष्कळ घर एकाच वेळी विकणारे आणि विकत घेणारे असते. दुधाचा दर वाढला की करवीर, कागलच्या गोठ्यात दोन पैसे जास्त येतात आणि शहरातल्या चहाच्या कपाला ते मोजावे लागतात. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, केंद्र दरवर्षी ठरवते. २०२५-२६ साठी ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरली. म्हणून ‘भाव पाडा’ हा महागाईवरचा उपाय या जिल्ह्यात अर्ध्या घरांच्या मुळावर येतो. भाव शेतकऱ्याला मिळू द्यावा आणि ज्याच्याकडे विकायला काहीच नाही त्याला थेट मदत द्यावी, हाच मार्ग इथे जुळतो.

वगळलेली कुटुंबे

प्राधान्य यादीसाठी उत्पन्नमर्यादा शहरात वर्षाला ५९,००० आणि गावात ४४,००० रुपये आहे. शहरातली मर्यादा दिवसाला साधारण १६१ रुपये पडते. घरातल्या एकाला जरी नियमित रोजगार असला तरी कुटुंब तिच्या बाहेर जाते. केशरी कार्ड हातात आहे, पण प्राधान्याचा शिक्का नाही म्हणून धान्य नाही, अशी घरे उपनगरांत आणि भाड्याच्या खोल्यांत पुष्कळ आढळतात. मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत अशा केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी रोख रक्कम मिळते. कोल्हापूर त्यांत नाही.

मर्यादेत बसणाऱ्यालाही जागा हवी. राज्याचा इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची कमाल संख्या, सुमारे सात कोटी असून तो २०११ च्या जनगणनेवर ठरलेला आहे. लग्न होऊन आलेली सून, नवे जन्मलेले मूल किंवा वेगळे निघालेले घर यांची नावे यादीत चढायची तर आधी मृत्यू, स्थलांतर किंवा स्वेच्छेने धान्य सोडल्यामुळे कुणाची तरी नावे कमी व्हावी लागतात. तोवर अर्ज पुरवठा शाखेत पडून राहतो. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि तिचे आकडे येईपर्यंत तालुक्याचा इष्टांक जुन्याच लोकसंख्येवर चालणार आहे.