पाणी गिळायला सगळ्यात सोपं?

‘घास अडकला की पाणी पाजा’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. बल्बर पाल्सीत मात्र तो जिवावर बेतू शकतो. या आजारात मेंदूच्या बुंध्यातल्या, जीभ आणि घसा हलवणाऱ्या चेतापेशी झिजत जातात. बोलणं अडखळतं, गिळणं मंदावतं. पाणी पातळ, ते झरकन उतरतं आणि श्वासनलिका मिटायच्या आतच तिच्यात शिरतं. कित्येकदा ठसकाही लागत नाही, त्यामुळे घरच्यांना पत्ताच लागत नाही; कळतं ते न्यूमोनिया झाल्यावर. अशा रुग्णांना अनेकदा दाटसर द्रव सोपे जातात. किती दाट, हे मात्र गिळण्याची तपासणी करून स्पीच थेरपिस्टनेच ठरवावं, कारण फार दाट पदार्थ घशातच साचून राहतात. आणि रुग्ण पाणी नको म्हणाला, तर कृपा करून त्याला हट्टी समजू नका.