मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि शर्करा-विकरे

पेशीच्या पृष्ठभागावरील बहुतेक प्रथिनांना शर्करांच्या साखळ्या जोडलेल्या असतात. पेशीतील गॉल्जी पिंडातील विकरे (एन्झाइम) एकेक शर्करा जोडत ती साखळी वाढवतात. प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम जनुकात लिहिलेला असतो, साखळीचा मात्र कुठेच लिहिलेला नसतो. कोणते विकर किती आहे, पिंडाच्या कोणत्या कप्प्यात आहे आणि कोणाच्या आधी पोहोचते, यावर तो ठरतो. म्हणूनच दोन-तीन विकरांचे प्रमाण बिघडले तरी पेशीचे सारे आवरण बदलते.

ही शर्करा म्हणजे चहातली साखर नव्हे. बडोद्यातल्या मराठी घरांत वरण-आमटीत गूळ पडतो, आणि कर्करोगाचे निदान झाले की नातेवाईक आधी गुळाचा डबा उचलून ठेवतात. गूळ बंद केल्याने साखळीची घडण सुधारत नाही. रुग्णाला मधुमेह असेल तर पथ्याचा विचार वेगळा.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात बरेच अभ्यासलेले विकर एसटी-६-गॅल-१. ते साखळीच्या टोकाला २,६ बंधाने सायलिक आम्ल ही आम्लधर्मी शर्करा बसवते. पेशीला वाढीचा संदेश देणारे रास जनुक बिघडून सतत चालू राहिले की हे विकर वाढते. मग बीटा-१ इंटेग्रिन या पकड घेणाऱ्या प्रथिनावर सायलिक आम्ल जास्त चढते, पेशी बाहेरच्या कोलॅजन तंतूंना घट्ट धरते आणि सरकू लागते. फास हा पेशीला मरणाचा संदेश देणारा ग्राही, म्हणजे बाहेरचा संदेश घेणारे पृष्ठभागावरील प्रथिन. तोही सायलिक आम्लाने लादला गेला की आत ओढला जात नाही, संदेश क्षीण होतो आणि मरायला हवी ती पेशी जगते. एमगॅट-५ हे दुसरे विकर साखळीला जादा फांदी फोडते. त्या फांद्यांना गॅलेक्टिन ही शर्करा धरणारी प्रथिने चिकटून जाळे तयार होते, वाढीचे ग्राही पृष्ठभागावर जास्त वेळ टिकतात.

श्लेष्म्यातील, म्हणजे आतड्याच्या आतल्या बुळबुळीत थरातील, बदल उलट दिशेचा, म्हणजे तुटीचा आहे. निरोगी बृहदांत्रात (मोठ्या आतड्यात) कोअर-३ विकर म्युसिन या श्लेष्म्यातील प्रथिनावरील साखळ्या लांबवते. कर्करोगात ते बहुधा नाहीसे होते आणि टीएन, सायलिल-टीएन अशा आखूड साखळ्या उरतात. हे विकर नसलेल्या उंदरांत श्लेष्म्याचा थर विरळ होतो, आतडे सहज सुजते आणि गाठी अधिक होतात.

बदल पाहण्याची हाताशी असलेली पद्धत म्हणजे लेक्टिन-रंजन; लेक्टिन म्हणजे ठरावीक शर्करा धरणारे प्रथिन. भुईमुगाच्या दाण्यातील लेक्टिन टी या आखूड साखळीला, एल्डरबेरीच्या सालीतील लेक्टिन २,६ सायलिक आम्लाला धरते. महाराजा सयाजीराव विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकणाऱ्यांनी हे एकदा हाताने करून पाहावे. फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवलेल्या ऊतीचे ४ मायक्रोमीटर जाडीचे छेद घ्यावेत, मेण काढावे आणि बायोटिन (रंग आणण्यासाठीची खूण) जोडलेले लेक्टिन मिलिलिटरला सुमारे १० मायक्रोग्रॅम या प्रमाणात लावावे. फसते ते बहुतेक वेळा तीन ठिकाणी. नेहमीच्या सवयीने सीरम किंवा दूध लावून छेद झाकला, तर त्यातल्याच ग्लायकोप्रथिनांना लेक्टिन चिकटते. शर्करारहित द्राव वापरावा. फॉस्फेट बफरमध्ये काही लेक्टिनांना लागणारे कॅल्शियम साका होऊन बसते, म्हणून ट्रिस बफर बरा. आणि बडोद्याच्या मे महिन्यात काचपट्टी ओलाव्याच्या डब्यात ठेवली नाही तर कडा वाळून खोटा गडद रंग येतो. एका पट्टीवर लेक्टिनसोबत ०.२ मोलर लॅक्टोज घालावे. तिथेही रंग तितकाच आला, तर तो शर्करेचा नव्हे. निरोगी आतड्यात सायलिक आम्लावर अॅसिटिल गट असतात, ते सायलिल-टीएन शोधणाऱ्या प्रतिपिंडापासून ती साखळी लपवतात. अल्कलीने ते काढल्यावर निरोगी ऊतीतही रंग उमटतो, हे ध्यानात न घेता तुलना करू नये.

रक्ततपासणीत कर्करोगाची खूण म्हणून मोजली जाणारी सीए १९-९ ही सायलिल-लुईस-ए नावाची साखळीच आहे. तिचा प्रतिपिंड १९७९ साली बृहदांत्राच्या कर्करोगपेशी वापरून मिळाला. मिलिलिटरला ३७ युनिट ही प्रचलित मर्यादा. ज्यांच्यात ही साखळी पुरी करणारे लुईस विकर जन्मतःच चालत नाही, त्यांच्यात गाठ मोठी असूनही आकडा जवळजवळ शून्य येतो, तर पित्तनलिका अडून कावीळ झाली की कर्करोग नसतानाही तो चढतो. म्हणून या रोगाच्या पाठपुराव्यात सीईए ही रक्तातील दुसरी खूण पाहतात, तेही दर वेळी एकाच प्रयोगशाळेत व एकाच किटवर; सिगारेट-बिडी ओढणाऱ्याचे सीईए मुळातच थोडे जास्त असते, हे डॉक्टरांना आधी सांगावे.