लार्पमधील खेळाडूंची खासगी मालमत्ता

लार्प हा प्रत्यक्ष वावरून खेळायचा भूमिका-खेळ आहे. खेळाडू वेशभूषा करून, नकली हत्यारे घेऊन रानात, गढीत किंवा सभागृहात आपापले पात्र वठवतात. कथेत चोरी, लूट, हेरगिरी सर्रास चालते. पण पात्राच्या कमरेची तलवार, अंगावरचा झगा, गळ्यातले ताईत खेळाडूने पदरच्या पैशाने घेतलेले किंवा रात्री जागून स्वतः शिवलेले-घडवलेले असते. पात्र लुटले जावे, खेळाडूला मात्र झळ बसू नये, यासाठी या छंदात काही नियम आणि संकेत रूढ झाले आहेत.

अमेरिकेत १९७७ साली सुरू झालेला डॅगोरहिर आणि इंग्लंडमधील चेशर परगण्यात पेकफर्टन किल्ल्यावर १९८२ पासून खेळला गेलेला ट्रेझर ट्रॅप हे या छंदाचे सुरुवातीचे प्रसिद्ध नमुने.

चोरीची सोय हा या नियमांतला सर्वांत कल्पक भाग. अनेक खेळांत वस्तूचे कथेतले मोल आणि प्रत्यक्ष वस्तू यांची फारकत केलेली असते. जादूच्या तलवारीला तिचे गुण लिहिलेले, प्लास्टिकचे आवरण घातलेले कार्ड जोडतात. चोर कार्ड नेतो. तलवार मालकाकडेच राहते आणि त्या क्षणापासून साधी ठरते. आयोजकांनी पुरवलेली नाणी, पत्रे, औषधाच्या कुप्या सहसा सरळ उचलता येतात. काही खेळांत वस्तूच पळवायला परवानगी असते, मात्र ती लवकरात लवकर आयोजकांकडे जमा करायची आणि त्यांनी ती मालकापर्यंत पोचवायची. यात नाट्य अधिक रंगते हे खरे. पण अंधारात, गर्दीत वस्तू गहाळ होण्याची भीती पाहता कार्डाचीच पद्धत श्रेयस्कर.

झडतीलाही अशीच मर्यादा आहे. बेशुद्ध पडलेल्या पात्राच्या खिशात कोणी हात घालत नाही. ‘झडती घेतो’ एवढे म्हटले की पडलेल्या खेळाडूने जवळच्या खेळातल्या वस्तू आपणहून काढून द्यायच्या. त्याने प्रामाणिक राहावे हे यात गृहीत असते, आणि ते योग्यच आहे. राहण्याचे तंबू, मोबाइल, चश्मे, औषधे ही खेळाबाहेरची. त्यांना कोणत्याही निमित्ताने हात लावायचा नसतो.

चोरीपेक्षा नुकसान जास्त वेळा होते, तेही बहुधा अजाणतेपणी. लार्पच्या तलवारीत अनेकदा फायबरग्लासची कांडी, तिच्यावर फोम आणि वर लेटेक्सचा थर असतो. ती टोकावर टेकवून उभी केली की कांडी हळूहळू फोम भेदत टोकाशी येते. मग तीच तलवार समोरच्याला इजा करू शकते आणि खेळापूर्वीच्या तपासणीत बाद होते. फार वेळ कडक उन्हात राहिली तर लेटेक्स खराब होते. दुसऱ्याचे हत्यार विचारल्याशिवाय उचलू नये, हा संकेत म्हणूनच केवळ शिष्टाचाराचा नाही. उसने घेतलेले हत्यार मोडल्यास ते गुपचूप ठेवून न देता मालकाला लगेच सांगायचे आणि भरपाईचे दोघांत ठरवायचे.

खरी चोरी झाल्यास ‘माझे पात्रच चोर आहे’ हा बचाव मानला जात नाही. आयोजक दोषी खेळाडूला खेळातून काढू शकतात, आणि मालकाला पोलिसांत तक्रार करण्याची मुभा असतेच.