बोर्डोचं दुसरं मिश्रण

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला बोर्डो म्हटलं की निळं पाणी आठवतं: 1 किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), तेवढाच चुना, 100 लिटर पाणी आणि वेलीवरच्या डाऊनी रोगावर फवारणी. हे औषध फ्रान्समधल्या ज्या बोर्डोचं, तिथलंच दुसरं मिश्रण म्हणजे सोव्हिन्यों ब्लां आणि सेमियों या द्राक्षांची पांढरी, कोरडी (म्हणजे गोडी नसलेली) वाइन. गंमत म्हणजे पहिल्या मिश्रणातलं तांबं दुसऱ्याचा वास मारतं.

सोव्हिन्यों आंबटपणा आणि झणझणीत सुगंध देतं. सेमियों तरुणपणी जवळजवळ मुकं असतं, पण अंगानं भरदार. बाटलीत काही वर्षं गेली की त्याला मेणाचा, मधाचा वास येतो. मस्कादेल हे तिसरं द्राक्ष फुलांच्या वासासाठी, चिमूटभरच. बोर्डो शहराच्या दक्षिणेला पेसाक-लेओन्यांमध्ये (वाइनच्या भागाचं हे अधिकृत नाव 1987चं) यातल्या उत्तम वाइन बनतात.

सोव्हिन्योंचं द्राक्ष चाखलं तर वाइनचा तो वास फारसा लागत नाही. तो आत कुलूपबंद असतो. 1990च्या दशकात बोर्डो विद्यापीठात ताकातोशी तोमिनागा आणि देनी द्युबूर्दिअ यांच्या गटानं हे कोडं बरंचसं सोडवलं. हा वास थायॉल या गंधकयुक्त रेणूंचा. द्राक्षात ते अमिनो आम्लाला जखडलेले असतात, किण्वनात, म्हणजे रस आंबताना, यीस्ट त्यातले थोडेसेच सुटे करतं. त्यातल्या एका थायॉलची चाहूल नाकाला लिटरमागे 0.8 नॅनोग्रॅमला लागते. म्हणजे 25 लाख लिटरच्या तलावात मोहरीच्या एका दाण्याएवढा!

इतकं तुटपुंजं धन सांभाळायचं, म्हणून सगळा आटापिटा. तोडणी पहाटेच्या गारव्यात. कुलूपबंद वासाचा बराच भाग सालीत असतो, म्हणून काही जण रस सालीसह काही तास थंड ठेवतात. मग हलका दाब. जोर लावला की सालीतली फिनॉलं (तुरट द्रव्यं) उतरतात, हवेशी संयोग पावून रस तपकिरी करतात आणि वासही खातात. रस निवळायचा, पण बेतानं. फार गढूळ राहिला तर सडक्या अंड्याचा वास, फार स्वच्छ केला तर यीस्ट उपाशी राहून किण्वन मध्येच अडकतं. टाकीत साधारण 16 ते 18 अंशांवर किण्वन होतं. चांगल्या वाइनचं 225 लिटरच्या ओकच्या पिंपातही करतात आणि मृत यीस्टचा गाळ काढून न टाकता अधूनमधून ढवळतात. तो गाळ ऑक्सिजन शोषून घेतो. गाळ काढून वाइन नव्या पिंपात ठेवली, तर ती लवकर म्हातारी होते.

आता तांब्याचं. बोर्डोजवळच्या मेदोकमधले शेतकरी रस्त्याकडेची द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून वेलींवर चुना-मोरचूद शिंपडत. त्या वेली डाऊनीतून वाचल्याचं वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांनी 1882मध्ये पाहिलं आणि 1885मध्ये औषध जाहीर केलं. पण तांबं गंधकाला घट्ट धरतं, आणि थायॉलचा वास गंधकाच्याच टोकात. तोडणीच्या तोंडावर फवारणी झाली, तर रसात उतरलेलं तांबं सुटलेला वास पुन्हा बांधून टाकतं. म्हणून शेवटच्या फवारण्यांत सोव्हिन्योंच्या बागेत तांबं टाळतात. सडक्या अंड्याचा वास घालवायला वाइनमध्ये मोरचूद घालायची पद्धतही आहे, पण सोव्हिन्योंच्या बाबतीत तो रोगापेक्षा इलाज भयंकर. दुर्गंधाबरोबर सुगंधही जातो. हवा खेळवून दुर्गंध जातो का, हे आधी पाहायचं, तेही किण्वन चालू असतानाच. नंतर हवा दिली, तर ती थायॉललाच खाते.